वीस डॉलरचा पँथर

परीक्षण लिहायचं तर आधी माल काय आहे ते सांगितलं पाहिजे. माल असा : हॅस्ब्रो ह्या अमेरिकन कंपनीच्या 'मार्व्हल लेजंड्स' मालिकेतला ब्लॅक पँथर. २०१८ साली रायन कूगलरचा 'ब्लॅक पँथर' सिनेमा आला, त्याच्या आगेमागे बाजारात उतरवलेला. उंची सहा इंच. अंग प्लास्टिकचं. कोपर दोनदा दुमडतं, गुडघा दोनदा दुमडतो, मान फिरते, घोटा आत-बाहेर कलतो. दबा धरून बसवा, बसतो. एका पायावर तोला, थोडी खटपट केली की राहतो. काळा अंगरखा, गळ्यात नखांची रुपेरी माळ. अमेरिकेत निघाला तेव्हा किंमत वीस डॉलर. कारागिरी चांगली आहे, खोटं कशाला बोला. ज्या कुणी हा साचा घडवला त्याचा हात कसबी आहे, आणि त्याच्याशी आमचं काही भांडण नाही.

भांडण पुढं आहे.

खेळणं आहे तर ते पोराच्या हातात पाहिजे. पण हे पोरासाठी नाहीच. हे 'कलेक्टर' नावाच्या मिशा फुटलेल्या, पगार खाणाऱ्या बाप्यासाठी आहे. तो खोकं फोडत नाही, कारण फोडलं की भाव पडतो. पँथर खिडकीच्या खोक्यात, खोकं कपाटात, कपाटाला काच. आणि ह्याच्याही वरचा वर्ग आहे. हाँगकाँगच्या हॉट टॉइज कंपनीनं हाच पँथर फूटभर उंचीचा काढला, चेहरा हुबेहूब चॅडविक बोसमनचा, किंमत होती दोनशे डॉलरच्या वर. म्हणजे बाहुल्यांतही वरचे-खालचे आहेतच. ते कुठं सुटलंय?

आता ॲक्सेसरीज. आपल्या भाषेत सांगायचं तर सोबतचा सरंजाम. (हा शब्दसुद्धा आपल्याला सरंजामदारांनीच दिलाय.) ह्या मालिकेच्या खोक्यांत सरंजाम म्हणून काय निघतं ठाऊक आहे? एका बाईचे अवयव. ओकोये. वकांडाची सेनापती. सिनेमात दनाई गुरिराने जी ताठ मानेनं उभी केली ती. तिची अख्खी बाहुली ह्या संचात मिळत नाही. तिचे हातपाय, धड, डोकं वेगवेगळ्या खोक्यांत घातलेत. सगळी खोकी घ्या, तुकडे जुळवा, मग बाई उभी राहील. ह्याला म्हणतात 'बिल्ड अ फिगर'.

संच सहा बाहुल्यांचा. सिनेमातले तीन : टिचाला, नाकिया, किलमंगर. उरलेले तीन : आयर्न मॅन, ब्लॅक बोल्ट, नेमॉर. २०१८ च्या त्या सिनेमात ह्या तिघांचं काम काय? शून्य. नेमॉर आला तो २०२२ च्या पुढच्या भागात. तरीही ओकोये पुरी करायची तर ह्या उपऱ्यांचेही पैसे मोजा. ही युक्ती २००५ सालची. तेव्हा ही मालिका टॉय बिझ कंपनीकडे होती आणि त्यांनी ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टस नावाच्या राक्षसाचे असे तुकडे विकले होते. राक्षसाचे तुकडे एक वेळ समजू शकतो. पण संचात गोरा अब्जाधीश आयर्न मॅन अख्खा, आणि काळी सेनापती मात्र तुकड्यांत! हे कुणी मुद्दाम ठरवलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम ठरवावं लागत नाही, हीच तर गंमत आहे. धंद्याचा हिशेब केला की आपोआप असंच जुळतं.

आता नावाकडं या.

कॉमिकमधला ब्लॅक पँथर पहिल्यांदा छापला गेला जुलै १९६६ च्या 'फँटास्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी ह्यांचं काम. त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली. म्हणून कुणी दीडशहाणा म्हणेल, बघा, कॉमिकवरूनच नाव उचललं. चूक. काळा पँथर ही खूण आली अलाबामातल्या लाउन्ड्स परगण्यातून. तिथं काळ्यांनी मतदानासाठी स्वतःचा पक्ष काढला होता आणि निशाणी घेतली होती पँथर. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसानं चित्र बघून मत टाकावं म्हणून. निशाणी म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. शेतमजुरांच्या मतपत्रिकेवरनं आलेलं जनावर आहे ते, छापखान्यातल्या पुढारलेल्या डोक्यातनं आलेलं नाही.

मग मार्व्हलनं काय केलं? पार्टीचा पँथर रस्त्यावर बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा कंपनीची टरकली. १९७२ च्या फेब्रुवारीच्या अंकात टिचालाचं नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' केलं. पँथर नको, बिबळ्या चालेल! कारण काय, तर लोकांनी आपल्या नायकाला त्या पार्टीवाल्यांतला समजू नये. पुढं पार्टी मोडत गेली, धोका टळला, तसं नाव हळूच परत घेतलं. मेलेल्या वाघाच्या मिशा उपटायला कुणीही येतं.

आणि त्याच १९७२ साली मुंबईत काय झालं? ज्या नावाला न्यूयॉर्कची कंपनी घाबरून पळाली, तेच नाव नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या दोस्तांनी उचललं आणि दलित पँथर उभी केली. खिशात दमडी नाही. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नातं सांगितलं. १० जानेवारी १९७४ ला मुंबईत मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. शिकागोत ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला मारलं, वय एकवीस. नावाची किंमत ही अशी चुकती झालेली आहे. वीस डॉलर हा तिचा आकडा नव्हे.

म्हणून ह्या बाहुलीचा सरंजाम पुन्हा तपासा. नखं आहेत. ओकलंडच्या पँथरांचा खरा सरंजाम कोणता होता? एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. पोलिसांच्या गाडीमागे गाडी घालायचे आणि पोलीस कुणाला अडवतात ते कायद्यानं ठरलेल्या अंतरावर उभं राहून बघायचे. १९६९ च्या जानेवारीपासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट न्याहारी घालू लागले. तवा, अंडी, ताटल्या. ज्या पार्टीला एफबीआयचा हूव्हर देशाच्या सुरक्षेचा सगळ्यात मोठा धोका समजत होता, तिच्या हातात उलथनं होतं! द्या की सहा इंची उलथनं सोबत. द्या एक कायद्याचं पुस्तक. नाही देणार. नखं दिली की भागतं. नखं ओरबाडतात, पण हिशेब विचारत नाहीत.

सिनेमाबद्दल थोडंच. सिनेमा वाईट नाही. कूगलर स्वतः ओकलंडचा, आणि गोष्ट सुरू होते ती १९९२ च्या ओकलंडमध्येच. किलमंगर, ज्याच्या बापाला मारून राजा पोराला तिथंच टाकून गेला, तो मोठा होऊन सांगतो की वकांडाची हत्यारं जगातल्या पिचलेल्यांना द्या. तो खलनायक. आणि ती हत्यारं नेणारी विमानं आभाळात पाडणारा कोण? सीआयएचा गोरा माणूस. तो आपला! थिएटरात टाळ्या. शेवटी राजा ओकलंडमध्ये इमारती घेऊन मदतकेंद्र काढतो. राजानं दान दिलं, प्रश्न मिटला. सव्वाशे कोटी डॉलरच्या वर धंदा झाला ह्या सिनेमाचा.

आता कुणी म्हणेल, तुम्ही बाहुलीवर एवढं का जळताय? काळ्या आयाबायांनी किती हौसेनं ही बाहुली पोरांना घेऊन दिली ते बघितलं नाही का? बघितलं. आणि त्या हौसेला हसणाऱ्याच्या मी कानाखाली काढीन. केनेथ आणि मॅमी क्लार्क ह्या काळ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९४० च्या सुमाराला काळ्या पोरांपुढं गोरी आणि काळी बाहुली ठेवली. चांगली कुठली? पुष्कळ पोरांनी गोरीकडं बोट केलं. वाईट कुठली? काळी. मग तुझ्यासारखी दिसते ती कुठली, म्हटल्यावर काही पोरं रडायला लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतली वर्णभेदाची वेगळी बसवणूक बेकायदा ठरवली, तेव्हा ह्या कामाचा दाखला निकालात आहे. तेव्हा बाहुली म्हणजे फालतू गोष्ट, असं आमच्यापुढं कुणी बोलू नये.

प्रश्न साच्याचा आहे. मॅटेल कंपनीनं १९६७ साली काळी फ्रान्सी काढली ती कशी? गोऱ्या फ्रान्सीचंच डोकं, रंग तेवढा बदलला. दुसऱ्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीत, १९६५ च्या वॉट्सच्या उठावातून निघालेल्या ऑपरेशन बूटस्ट्रॅप संघटनेनं शिंडाना टॉइज हा स्वतःचा कारखाना काढला. मॅटेलनं सुरवातीला भांडवल आणि तंत्र दिलं, हे लपवायचं कारण नाही. पण पहिली 'बेबी नॅन्सी' निघाली ती आपल्या नाकाची, आपल्या ओठांची. कामाला वस्तीतलीच माणसं. पुढं ज्युलियस अर्व्हिंगसारख्या खेळाडूचीही बाहुली त्यांनी काढली. शिंडाना ह्या स्वाहिली शब्दाचा अर्थच स्पर्धा करणं. १९८३ साली तो कारखाना बंद पडला. त्यानंतर काळ्या नायकाच्या बाहुलीचा नफा कुणाच्या खिशात गेला ते आपण खोक्यावरच्या शिक्क्यावर वाचतोच.

आणि माणूस म्हणून तरी कंपनी ह्यांना मोजते का? ऐका. बाहुली म्हटलं की पोरगे घेणार नाहीत म्हणून ह्याच हॅस्ब्रोनं १९६४ साली जी. आय. जो काढताना त्याला 'ॲक्शन फिगर' म्हटलं. पुढं आयात जकातीत पेच आला. बाहुलीवर १२ टक्के, इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिमा. मग मार्व्हलच्याच टॉय बिझनं कोर्टात सांगितलं की आमचे एक्स-मेन माणसं नाहीतच! २००३ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय व्यापार कोर्टानं ते मानलं. ज्यांची सगळी गोष्टच 'आम्हालाही माणूस समजा' अशी, १९६३ पासून पानापानावर तेच रडगाणं विकलं, त्यांना त्यांच्याच मालकानं पाच टक्क्यांसाठी अमाणूस ठरवून घेतलं. वकील लावून.

राहता राहिले साचे भरणारे हात. ह्या बाहुल्यांतल्या बहुतेक चीनमधल्या कारखान्यांत बनल्या. खेळण्यांच्या धंद्यात १९९३ साल विसरता येत नाही. १० मे ला थायलंडच्या काडेर कारखान्यात आग लागली, १८८ मेले, बहुतेक तरुण पोरी, दारं बंद. त्याच नोव्हेंबरात शेनझेनच्या झिली कारखान्यात ८७. तिथंही बाहेर पडायची वाट बंद होती. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या पोरांसाठी खेळणी शिवत होत्या त्या. त्यांना ओकोयेसारखं सहा खोक्यांतनं जुळवून उभं करता येत नाही.

तेव्हा परीक्षण असं. सांधे पक्के. रंगकाम ठीक. सरंजाम अपुरा, आणि जो आहे तो अवयवांचा. घ्यायचाच असेल तर खोकं घरी आल्याबरोबर फोडा, खोक्याचे तुकडे करा, आणि पँथर पोराच्या हातात द्या. मातीत लोळवू द्या, रंग उडू द्या. पोरगं विचारील, ह्याला पँथर का म्हणायचं? तेव्हा लाउन्ड्सची मतपत्रिका सांगा, फ्रेड हॅम्प्टन सांगा, भागवत जाधव सांगा. कलेक्टर हळहळेल की भाव पडला. पडू दे साला.