पोटातलं पाणी हलू द्यायचं की नाही?

आमच्या ग्रुपमध्ये एक हीरो आहे. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. पहिल्या बोनसच्या पैशांतून त्याने आपल्या हॅचबॅकला आखूड, कडक स्प्रिंग्ज बसवून घेतल्या. गाडी दोन इंच खाली बसली. दिसायला एकदम सॉलिड! पहिल्या रविवारी साहेब आजीला देवळात घेऊन गेले. जाताना सात स्पीडब्रेकर लागले. दर्शन झाल्यावर आजी चपला घालताना म्हणाली, ''बाळा, तू हो पुढे. मी रिक्षाने येते.''

हीरोचं म्हणणं, ''अरे, पण वळणावर काय चिकटून जाते माहितीये?'' गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. जगातल्या प्रत्येक स्पोर्ट्स कारचा इंजिनिअर या आजी-नातवाच्या भांडणात अडकलेला असतो.

फंडा सोपा आहे. स्प्रिंग मऊ असेल तर खड्डा गाडीच्या पोटातच जिरतो, तुमच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण तीच गाडी वळणावर होडीसारखी कलते, ब्रेक मारला की नाक खुपसते. बॉडी कलली की चाकांचे कोनही बदलतात, टायर रस्त्यावर नीट सपाट टेकत नाही. आणि टायर रस्त्याला टेकतो तरी किती? साधारण तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर अख्खी गाडी, तुम्ही आणि तुमचा ईएमआय उभा असतो. म्हणून स्पोर्ट्स कारवाले स्प्रिंग कडक करतात. पण कडक म्हणजे नेहमीच चांगली पकड, असंही नाही. रस्ता उखडलेला असेल तर कडक गाडीचं चाक खड्ड्याच्या काठावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला कसली आलीये पकड! आमच्या हीरोला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग स्प्रिंग गरजेप्रमाणे मऊ-कडक होत राहिली तर? 'ॲक्टिव्ह सस्पेन्शन'ची कल्पना इथूनच निघते, पण शोरूममध्ये हा शब्द फार सैल वापरला जातो. शॉक ॲब्सॉर्बर हा मुळात नकार देणारा प्राणी. चाक वर-खाली व्हायला लागलं की तो अडवतो, एवढंच. हा अडथळा कमी-जास्त करता येणं म्हणजे 'सेमी-ॲक्टिव्ह'. त्यातला सगळ्यात भारी प्रकार आला २००२ मध्ये, कॅडिलॅकच्या सेव्हिल एसटीएसमध्ये. तेलात लोखंडाचे बारीक कण मिसळलेले. कॉइलमधून वीज सोडली की ते कण रांगेत उभे राहतात आणि तेल काही मिलिसेकंदांत घट्ट होतं. लगेच कॉर्व्हेटने हे तंत्र घेतलं, २००६ मध्ये फेरारीने ५९९ जीटीबीला दिलं. मस्त चीज आहे, पण तीही फक्त अडवते. खरं ॲक्टिव्ह सस्पेन्शन ढकलतं. वळणावर बाहेरची बाजू दबायला लागली की पंप किंवा मोटर तिला उचलून धरते. खड्डा आला की चाक आत ओढून घेते. त्यासाठी ताकद लागते, आणि ताकद फुकट येत नाही.

हे पहिल्यांदा गाजलं ते फॉर्म्युला वनमध्ये. १९८७ साली लोटसच्या ९९टी गाडीत आयर्टन सेना मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकला. दोन्ही शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यती, म्हणजे उंचवटे, ठिगळं सगळं आलं. हायड्रॉलिक सिस्टिमचं वजन होतं, ती इंजिनाची ताकदही खायची, पण खडबडीत रस्त्यावर हिशेब वसूल. डेट्रॉइटला तर त्याने टायर न बदलता शर्यत संपवली. गाडी टायरला जपून वागवत होती.

पण माझी आवडती गोष्ट १९९२ ची आहे. विल्यम्स टीम, गाडी एफडब्ल्यू१४बी, ड्रायव्हर दोन. निगेल मॅन्सेल आणि रिकार्दो पत्रेसे. १९९१ साली साध्या सस्पेन्शनच्या एफडब्ल्यू१४ मध्ये पत्रेसे मॅन्सेलला जड जात होता. सीझनच्या सुरुवातीला क्वालिफाइंगमध्ये तोच पुढे असायचा. पुढच्या वर्षी त्याच गाडीला ॲक्टिव्ह सस्पेन्शन लागलं. कॉम्प्युटर गाडीची जमिनीपासूनची उंची धरून ठेवायचा. आता इथे आरामाचा काही संबंध नव्हता. रेसिंग कारच्या पोटाखालून वाहणारी हवा तिला रस्त्याकडे खेचते, आणि उंची थोडी जरी बदलली तरी हे खेचणं बदलतं. उंची स्थिर म्हणजे पकड स्थिर. निकाल? मॅन्सेलने सीझनच्या पहिल्या पाचही शर्यती मारल्या, एकूण नऊ जिंकल्या आणि ऑगस्टमध्येच चॅम्पियन झाला. पत्रेसेला मिळाली एकच.

गाडी तीच, मग फरक कुठे पडला? पत्रेसे हा गाडी सीटमधून वाचणारा ड्रायव्हर. गाडी जराशी कलते, टायर जरासा सरकतो, त्यावरून पकड किती उरलीये ते त्याला कळायचं. ॲक्टिव्ह गाडी वळणात शिरताना हे नीट सांगायचीच नाही. तिथे पकड आहे असं समजून आत घुसायचं होतं. मॅन्सेल घुसला. पत्रेसेला ते जमलं नाही. मला विचाराल तर मी पत्रेसेच्या बाजूने आहे. अडीचशेच्या स्पीडला 'कॉम्प्युटर बघून घेईल' म्हणायला वेगळंच काळीज लागतं, बॉस. इथे सिस्टिम हँग झाली म्हणून एक्सेल शीट उडते तरी आपण अर्धा दिवस रडतो. पुढे खर्च वाढले, ड्रायव्हरपेक्षा कॉम्प्युटरच जास्त गाडी चालवतोय अशी ओरड झाली, आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनने हे सगळं बंद केलं.

इकडे अमेरिकेत एक माणूस वेगळ्याच मार्गाने निघाला होता. अमर बोस. हो, तेच स्पीकरवाले बोस. ब्रिटिश राजवटीतून निसटून अमेरिकेत गेलेल्या बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा, एमआयटीत प्रोफेसर. १९८० मध्ये त्यांनी सस्पेन्शनच्या गणितापासून सुरुवात केली आणि २००४ मध्ये जगाला दाखवली एक लेक्सस एलएस ४००. चारही चाकांना हायड्रॉलिक पंपाऐवजी इलेक्ट्रिक मोटर. गाडी उंचवट्यांवरून जाते, बॉडी ढिम्म. वळणावर सपाट. शेवटी तर समोरच्या आडव्या ओंडक्यावरून चक्क उडी मारते! व्हिडिओ बघाच. चोवीस वर्षांचं काम, आणि एकही गाडी या सस्पेन्शनसह विकली गेली नाही. जड होतं, महाग होतं. त्यातून २०१० मध्ये ट्रक ड्रायव्हरची सीट तेवढी बाजारात आली. बोस २०१३ मध्ये गेले. २०१७ मध्ये ते तंत्रज्ञान क्लिअरमोशन नावाच्या कंपनीने घेतलं.

आणि आता बघा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमुळे जास्त व्होल्टेजची वीज गाडीत आयतीच आली, आणि जुनी अडचण सुटली. फेरारी पुरोसांग्वे २०२२ मध्ये आली, तिच्या प्रत्येक डॅम्परला ४८ व्होल्टची मोटर आहे आणि अँटी-रोल बार नाहीत. पोर्शेच्या हायब्रिड पॅनामेरात आणि २०२४ च्या टायकानमध्ये प्रत्येक चाकाला वेगळा पंप, ४०० व्होल्टवर. ही टायकान हवं तर वळणावर आतल्या बाजूला कलते, बाईकवाला कलतो तशी. दार उघडलं की उतरायला सोपं जावं म्हणून उंच होते. चीनच्या यांगवांग यू९ ने तर जागच्या जागी उड्या मारून दाखवल्या. बोसना बघायला मिळायला हवं होतं.

ब्रोशर वाचून हुरळून जाऊ नका, मात्र. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि एकूण किती जाणार ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि चाकं किती लांब-लांब यावरच ठरतं. बॉडी कितीही सपाट ठेवा, तो हिशेब चुकत नाही. ॲक्टिव्ह सस्पेन्शन एवढंच करू शकतं की त्यातलं किती पुढच्या चाकांवर टाकायचं आणि किती मागच्या. तेही कमी नाही, कारण गाडी वळणातून बाहेर पळणार की शेपूट फिरवणार हे त्यावरच ठरतं. पण दोन टनांच्या वरची पॅनामेरा दोन टनांच्या वरचीच राहते. आणि ती इतकी गुळगुळीत चालते की आपण किती वेगात आहोत हे कळतच नाही. पत्रेसेची तक्रार थोड्याफार फरकाने हीच होती. मला स्वतःला गाडी थोडी कललेली आवडते. घाबरायचं कधी, हे त्यामुळे कळतं.

ताजी खबर: हीरोने जुन्या स्प्रिंग्ज माळ्यावरून खाली काढल्या आहेत. गॅरेजवाला बदलायचे पुन्हा पैसे मागतोय म्हणून घासाघीस चालू आहे. आजीला विचारलं तर म्हणाली, ''राहू दे रे. रिक्षाचं भाडं तूच देतोस ना?''