दहापैकी किती?

ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणांची म्हणून एक खास भाषा असते. वधूवरांच्या जाहिरातींसारखीच ती जरा उलगडून वाचावी लागते. ‘आवाज परिपक्व झाला आहे’ म्हणजे वरचा षड्ज आता लागत नाही. ‘प्रयोगशील’ म्हणजे परीक्षकाला काही कळलेलं नाही, पण तसं म्हणवत नाही. ‘सुश्राव्य’ म्हणजे ऐकता ऐकता डोळा लागला. आणि ‘रसिकांनी अवश्य संग्रही ठेवावी’ असं शेवटचं वाक्य आलं, की परीक्षकाची प्रत फुकट आलेली होती, एवढं खुशाल समजावं. दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये बसून गेली कित्येक वर्षं मी ही परीक्षणं चवीनं वाचत आलो आहे. (दीपनगर म्हणजे भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. उंच चिमण्यांखाली राहणाऱ्या माणसांनाही गाण्याचं वेड असू शकतं, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना मुद्दाम सांगावं लागतं.)

अलीकडे मात्र शब्दांचीही गरज उरलेली नाही. तारे, नाहीतर गुण! परवा एका नव्या अल्बमविषयी मी चिरंजीवांना विचारलं, तर मोबाइलमधून डोकं न काढता ते म्हणाले, “बाबा, सहा पूर्णांक आठ आहेत त्याला. कशाला ऐकायचं?”

“कुणी दिले?”

ते काही त्याला ठाऊक नव्हतं.

हे खूळ अर्थात त्यानं काढलेलं नाही. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानं 1923 साली लंडनमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं, तेव्हा निव्वळ तबकड्यांवर लिहिण्यासाठी मासिक हीच नवलाई होती. पुढे न्यूयॉर्कच्या रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी 1969 पासून अल्बमना शाळेतल्यासारखी श्रेणी द्यायला सुरुवात केली. ए, बी, सी आणि वर अधिक-उण्याची चिन्हं. नंतरच्या ‘पिचफोर्क’नं तर दशांशचिन्हापर्यंत मजल मारली. सहा पूर्णांक सात आणि सहा पूर्णांक आठ यांच्यातला एक दशांश कानाला कसा ऐकू येत असेल, हे मात्र त्या परीक्षकालाच ठाऊक!

क्रमवारीचं वेड आपल्यालाही होतंच. 1952 साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि घरोघर बुधवारची रात्र तिच्यासाठी राखून ठेवली जाऊ लागली. अमीन सयानी पायदानामागून पायदान चढत वर नेत आणि पहिल्या गाण्यावरून सख्ख्या भावांत अबोला होई. पण तो हिशेब सरळ होता. तबकडी किती खपली, फर्माइशी किती आल्या, एवढंच तो सांगे. गाणं चांगलं का वाईट, असा निवाडा त्यात नव्हता.

मग निवाडा करायचा कसा? आपल्याकडच्या जाणत्यांनी तो आकड्यांवाचून केला. केशवराव भोळे हे स्वतः गाणारे. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा प्रभातच्या चित्रपटांना संगीत देणारे. त्यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावानं आपल्या काळच्या नामवंत गायकांवर लेखमाला लिहिली. ती ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या नावानं पुस्तकरूपानं निघाली. त्या नावातला ‘आजचे’ हा शब्द मला फार धीट वाटतो. गेलेल्या गवयावर कुणीही गहिवरून लिहील. जो उद्या मैफलीत समोर बसणार आहे, त्याच्याविषयी लिहायला छाती लागते.

दुसरे वामनराव देशपांडे. गृहस्थ व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट! आयुष्य आकड्यांत गेलेलं. गुण देण्याचा अधिकार खरा त्यांचा. पण 1961 सालच्या ‘घरंदाज गायकी’त त्यांनी काय केलं? एका टोकाला स्वर आणि दुसऱ्या टोकाला लय धरली. किराणा घराणं स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर मधे ठेवलं. त्यांचा स्वतःचा ओढा कुठे होता, हे पुस्तक वाचताना लपत नाही. पण अमक्याला आठ आणि तमक्याला साडेसहा असं त्यांनी म्हटलं नाही. कोण कुठे उभा आहे ते दाखवलं. तुमचा जीव स्वरावर असेल तर तुम्ही आपसूक एकीकडे वळता, लयीवर असेल तर दुसरीकडे.

आमच्या खानदेशात भरिताची पारख अशीच होते. हिवाळ्यात शेतात पंगत बसली, की “दहापैकी आठ” असं म्हणणाऱ्याला कुणी पुन्हा बोलावणार नाही. जाणता पहिल्या घासाला म्हणतो, “वांगं बामणोदचं दिसतंय. कपाशीच्या काड्यांवर भाजलंय खरं, पण मिरची पुढे गेली.” झालं परीक्षण! ज्याला तिखट हवं तो पुढे सरकतो, पोटाचा त्रास असलेला मागे.

तबकडीच्या परीक्षकाला तर आणखी एक व्यवधान असतं. दहा इंची जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तीत बढत नाही म्हणून गवयाला नावं ठेवणं म्हणजे पोस्टकार्डात कादंबरी मावली नाही म्हणून रुसणं. शिवाय अगदी सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या असतीलच असं नाही. यंत्र जलद फिरलं, की स्वर चढतो आणि आवाज पातळ होतो. असा कितीतरी भारदस्त आवाज ‘किनरा’ ठरला असेल, आणि चूक चावीची!

त्या तीन-साडेतीन मिनिटांत काय मावतं, याचा दाखला आकाशात आहे. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं निवडक संगीत पाठवलं. तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकानं केसरबाई केरकरांच्या भैरवीची शिफारस केली. ती तबकडी बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका हिंदी माणसाच्या दुकानात, टेबलाखाली सापडली. कुणा एकानं नीट ऐकून आग्रह धरला, म्हणून ती भैरवी आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. आणि केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ? 1946 साली ते गेले. मागे एकही ध्वनिमुद्रिका ठेवली नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते शिष्यांच्या गळ्यांतून आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून. टेंब्यांनी नुसते ‘दहापैकी दहा’ असे लिहून ठेवले असते, तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं?

हे सगळं मी एवढ्या तावातावानं सांगतो आहे त्याला कारण शेजारचे आप्पा. ते यंदा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला मुलाच्या दोन खोल्यांत जायचं. वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी पगारातून पैसे वाचवून जमवलेल्या तबकड्यांची लाकडी पेटी आप्पांकडे होती. ती सगळी काही पुण्यात मावणार नव्हती. एके संध्याकाळी ते पेटी घेऊनच आले.

“भाऊ, तुम्ही लिहिता-बिहिता. एकेकीला मार्क द्या. सातच्या वरच्या नेतो, बाकीच्या भंगारात.”

“आप्पा, वडिलांच्या आहेत ना या?”

“म्हणून तर तुमच्याकडे आणल्या. माझा हात नाही उठायचा.”

काकू दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं वरच्या तबकडीवरची धूळ तेवढी पुसली.

आठ रात्री आम्ही फोनो लावून बसलो. मार्क मी दिले नाहीत. प्रत्येकीला एक चिठ्ठी लावली आणि ऐकू आलं ते लिहिलं: ‘आवाज खरखरीमागे आहे, पण शब्द टाकण्याची ऐट पाहा.’ ‘दुसरी बाजू अधिक चांगली.’ ‘पेटी गवयाच्या पुढे धावते.’ ‘मधे ओरखडा आहे; पिन उचलून पुढे ठेवावी, शेवट चुकवू नये.’ एकीवर मी लिहिलं, ‘शेवटची तान घाईची.’ आप्पांना ते बिलकूल पटलं नाही. वडिलांची ती विशेष लाडकी, असं काकूंकडून नंतर कळलं. तरी चिठ्ठी मी बदलली नाही.

आप्पांनी चिठ्ठ्या दोनदोनदा वाचल्या आणि अठरा तबकड्या निवडल्या. मी वाखाणलेल्या बऱ्याचशा त्यांत नव्हत्या. त्या माझ्याकडे ठेवून गेले. ज्यांवर आमचं जमलं नव्हतं, त्या मात्र झाडून सगळ्या नेल्या. भंगारात एकही गेली नाही.

गेल्या आठवड्यात रात्री पुण्याहून फोन आला.

“भाऊ, ती घाईची तान. आता लावतो. फोन कानाला धरा, आणि मधे बोलू नका.”

मी धरला. तान अजूनही घाईचीच आहे.