रानाची वही

2025 साली दोन मोठी माणसे गेली. 18 जूनला सोलापुरात मारुती चितमपल्ली आणि 1 ऑक्टोबरला अमेरिकेत जेन गुडाल. एकाचे नाव आपल्या नवेगावबांधशी जोडलेले, दुसरीचे आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलाशी. फोटोला हार घालणे सोपे असते. आपल्या घरातल्या मुलामुलींनी या दोघांकडून काय घ्यावे, याचा विचार व्हावा असे आम्हाला वाटते.

जेनचा जन्म 1934 चा, लंडनचा. शाळा संपली तेव्हा पुढे शिकवण्याइतका पैसा घरी नव्हता. ती सेक्रेटरीचे काम शिकली, नोकरीला लागली. मग हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढण्याचे काम करून तिने आफ्रिकेच्या बोटीचे भाडे जमवले. आम्ही स्वतः कारकुनी करतो, म्हणून ही हकिकत आम्हाला जवळची वाटते. केनियात लुई लीकी या शास्त्रज्ञाकडेही ती सेक्रेटरी म्हणूनच लागली. त्यांनी तिची नजर ओळखली आणि जुलै 1960 मध्ये तिला आजच्या टांझानियातल्या गोंबेत चिंपांझींच्या अभ्यासाला पाठवले. तरुण मुलीने जंगलात एकटीने राहायला अधिकाऱ्यांची ना होती. तेव्हा सोबतीला कोण गेले? तिची आई! मुलगी डोंगरावर दुर्बीण घेऊन बसे, आई खाली तळ्याकाठच्या कोळ्यांना औषधपाणी करी. मुलीच्या शिक्षणामागे आई उभी राहिली की काय घडते, ते माता-भगिनींनी इथे पाहावे.

त्याच वर्षी जेनने एका चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना पाहिले. डहाळीची पाने ओरबाडून तो तिचे हत्यारही बनवत होता. हत्यार फक्त माणूसच बनवतो, असे तोवर शास्त्र सांगत होते. ते बदलावे लागले. पुढे ती केंब्रिजला गेली, तेव्हा विद्वान म्हणाले, प्राण्यांना नावे कसली देता, नंबर द्या. तिने नावे सोडली नाहीत. बी.ए. न होताच तिला डॉक्टरेट मिळाली.

म्हणून पदवीची गरज नाही, असे कोणी समजू नये. डॉक्टरेट तिनेही घेतलीच. पदवी मिळवावीच, पण पाहण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय त्याआधी लागावी.

चितमपल्ली वन खात्यातले अधिकारी. नवेगावबांधला होते तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. पुस्तके त्यांनी भरपूर वाचली, परंतु पाखरे, मासे, झाडे यांची माहिती त्यांनी गोंड आणि ढिवर बांधवांकडूनही घेतली. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले, पक्षीकोश लिहिला. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला लोक अडाणी म्हणतात, त्याच्याजवळ केवढे ज्ञान असते, हे त्यांच्या लिखाणातून कळते.

आता कोणी विचारील, पोट हातावर असताना जंगलाची काळजी कशी करायची? प्रश्न रास्त आहे. मोहफूल, तेंदूपाने यांवर आपल्याकडची कितीतरी घरे उन्हाळा काढतात. जेनलाही हे उमगले. गोंबेभोवतीचे डोंगर तिने विमानातून उघडेबोडके पाहिले आणि तिला पटले की, गावकऱ्यांची चूल पेटत नाही तोवर चिंपांझी वाचणार नाहीत. म्हणून 1994 पासून तिच्या संस्थेने तिथल्या गावांत झाडांबरोबरच बायकांना छोटी कर्जे आणि मुलींना शिष्यवृत्त्या देणे सुरू केले. नवेगाव-नागझिरा 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या कडेच्या गावांसाठीही हाच न्याय हवा, अशी आमची मागणी आहे.

आपल्या हाती काय आहे? मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवू नये. ती आग रानात पसरते. वानरांना पोळी-फुटाणे टाकू नयेत. त्यांना सवय लागते आणि मग ती घरात शिरतात. आणि मुलाला शंभर पानी वही घेऊन द्यावी. त्यात आजीला ठाऊक असलेल्या भाज्यांची, पाखरांची, माशांची नावे त्याने लिहावीत. सारस दिसला तर कोणत्या धानाच्या बांधीत, कोणत्या तारखेला, तेही लिहावे. आजी गेली की तिच्याबरोबर ती नावेही जातील. या रविवारीच सुरुवात करावी.