अर्धे अभय

बालपणी पोलिओची लस घेतली म्हणजे जन्मभराचे अभय मिळाले, अशी समजूत आपल्या समाजात दृढ झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. आणि रोगाच्या बाबतीत अर्धे सत्य असत्याइतकेच घातक ठरते. म्हणून आम्ही तिचा परामर्श येथे घेत आहोत.

लसीचे कार्य दुहेरी असते. रक्तात प्रतिकारद्रव्ये निर्माण करून ती विषाणूला मज्जारज्जूपर्यंत पोहोचू देत नाही. पांगळेपणापासूनचे हे संरक्षण सर्व मात्रा घेतलेल्यांना दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर लाभते. परंतु विषाणूचे खरे ठाणे आहे ते आतड्यात. तेथील प्रतिकारशक्ती मुख्यतः तोंडावाटे दिलेल्या थेंबांनी येते आणि काही वर्षांत क्षीण होऊ लागते. केवळ टोचून घेतलेल्या लसीने तर ती फारशी येतच नाही. सारांश, धडधाकट दिसणारा मनुष्य स्वतः सुरक्षित राहूनही विषाणूचा वाहक होऊ शकतो.

हा केवळ तर्क नव्हे. २०१३ साली इस्राएलच्या सांडपाण्यात हा विषाणू आढळला. त्या देशाने थेंब बंद करून केवळ टोचण्याच्या लसीवर भिस्त ठेवली होती. एकही मूल पांगळे झाले नाही, पण विषाणू फिरत राहिला. दहा वर्षांखालील मुलांना पुन्हा थेंब पाजावे लागले. उलट २०२२ साली न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण पांगळा झाला. दुसऱ्याच्या अंगी गुपचूप वावरणारा विषाणू अखेर दुबळी जागा शोधतो, ती अशी!

आपल्या देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यास आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. हे यश असामान्य होय. तथापि शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तानातून हा रोग अद्याप हटलेला नाही.

यावरून प्रत्येक प्रौढाने पुन्हा लस घ्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की वडीलधाऱ्यांची लस बालकाची ढाल होऊ शकत नाही; ज्याची त्याची ढाल ज्याला त्यालाच दिली पाहिजे. जन्मतः, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांचे थेंब, २०२३ पासून नवव्या महिन्यातही दिली जाणारी टोचणी आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास द्यावयाची पूरक मात्रा यांतील एकही चुकता कामा नये. ऊसतोडीच्या तळावर, वीटभट्टीवर, बांधकामाच्या पालांत जी बालके जन्मतात, त्यांचा पत्ता दर हंगामास बदलतो. त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे शासनाचे आणि नगरपालिकांचे कर्तव्य आहे. त्यांची आठवण करून देणे, हे आपणा सर्वांचे.