सूचीत नाही म्हणून नव्हतोच?

शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची मी मानतो. १८०० ते १९३७ ची छापील पुस्तकं, प्रचंड काम. पण संशोधकहो, सूची म्हणजे सातबारा नव्हे. मुक्ता साळवे ही मांगाची पोर १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिते. ते पुस्तक नव्हे, म्हणून ग्रंथसूचीच्या चौकटीबाहेर. १९२० चा 'मूकनायक'ही नियतकालिकच. आमचं लिहिणं पत्रांत, पत्रकांत, जलशाच्या वह्यांत गेलं. आणि तुम्ही सूची मिटून म्हणता, यांनी लिहिलंच नाही! अरे, ज्यांना पाणवठा बंद, त्यांचे कागद कपाटात कोण ठेवणार होतं?

दोस्तांनो, वस्तीतल्या ट्रंका उघडा. नाव, साल, छापखाना, किंमत उतरवून घ्या. वाळवीच्या आधी पोचा. आपली सूची आपणच करू.