नापासांचा हिशेब

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजापेठ लागते. स्पर्धा परीक्षेचा वा भरतीचा निकाल लागला, की अशा गजबजलेल्या चौकांतून अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र, खाली गावाचे नाव आणि त्याहून ठळक अक्षरांत शिकवणीवर्गाचे किंवा पुढाऱ्याचे नाव. ज्याने कष्ट केले त्याचा गौरव व्हावा, यात वावगे काहीच नाही. परंतु ज्यांची छायाचित्रे तेथे नाहीत, त्यांच्याविषयीही समाज त्याच फलकावरून निकाल देऊन मोकळा होतो : हे कमी पडले. हा निकाल न्याय्य आहे काय?

साधा हिशेब मांडून पाहावा. २०२४ साली महाराष्ट्र पोलीस दलातील १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. म्हणजे शंभर अर्जांमागे धड एक जागाही नव्हती. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांची मुलेमुली पहाटेच्या अंधारात मैदानावर धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात, घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांत खोलीचे भाडे आणि खानावळ भागवतात. या सर्वांनी दुप्पट वेगाने धाव घेतली असती आणि सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, तरी शंभरांतील नव्व्याण्णव अर्ज नाकारलेच गेले असते. जागांचा आकडा ठरला तेव्हाच हे अपयश ठरून गेले होते. रोजगार किती निर्माण व्हावा हे शासन आणि भांडवल ठरवणार. तो निर्माण झाला नाही, तर त्याचा बोल मात्र उमेदवाराच्या माथी! सामाजिक अपयश व्यक्तीच्या खात्यावर जमा करण्याची ही रीत सत्ताधाऱ्यांना मोठीच सोयीची आहे. कारण जो स्वतःलाच दोष देतो, तो जाब विचारत नाही.

असा उमेदवार गावी परतून शेती करू लागला, तरी त्याची सुटका नाही. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न नोकरीचाच असतो. ऊन, पाऊस, बोंडअळी सोसून कपाशी पिकवणारा कास्तकार लग्नाच्या बाजारात बेकार गणला जातो. बियाण्याचा भाव त्याच्या हाती नाही, कापसाचाही नाही. तरी घाट्याचा धनी तोच आणि नालायकही तोच.

याची परिसीमा मृत्यूनंतर होते. कर्जापायी जीवन संपवणाऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाने एक लाख रुपयांची मदत देऊ केली. मात्र २००६ च्या शासन निर्णयाने त्यासाठी कसोट्या घातल्या. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, नापिकीमुळे ते थकलेले असावे, वसुलीचा तगादा असावा. कागदपत्रे तपासून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. जिवंतपणी समाजाने ज्याला नापास केले, त्याला मेल्यावर पुन्हा एका परीक्षेला बसवले जाते, आणि तिचा निकाल त्याच्या विधवेला ऐकावा लागतो. बिनपरवाना सावकाराच्या दारी गेलेला माणूस अधिक नाडलेला असतो, हे कोणत्याही खेड्यात ठाऊक आहे. कागदाला ते ठाऊक नसते.

अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. याच जिल्ह्यात १८७६ साली एका परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी जानोरकर कधी शाळेत गेले नाहीत. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. १९०५ साली अंगावर चिंध्या पांघरून ते घराबाहेर पडले, तेव्हा संसार टाकून गेलेल्या या माणसाला यशस्वी म्हणणारे कोण भेटले असते? त्यांच्या नावाच्या विद्यापीठात प्रवेश मिळावा इतकेही गुण त्यांच्यापाशी नव्हते. याचा अर्थ प्रत्येक नापासात एक संत दडलेला असतो, असा नव्हे. माणसाला किंमत मिळावी म्हणून त्याला संत व्हावे लागणे, हाही अन्यायच होय. अर्थ एवढाच, की ज्या मापाने समाज माणसे मोजतो, ते माप अपुरे आहे.

माप बदलणे एका दिवसाचे काम नाही. परंतु सुरुवात अवघडही नाही. प्रत्येक भरतीच्या निकालाबरोबर अर्जांची आणि जागांची संख्या तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावी. रिक्त पदे मुदतीत भरावीत. शेतकऱ्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाची मदत त्या कुटुंबाच्या गरजेवरून ठरावी. मृताच्या कर्जाच्या कागदावरून नव्हे. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी, हात हलवीत परतलेल्या मुलाला किंवा मुलीला 'तू का कमी पडलास, का कमी पडलीस' असे विचारण्याआधी, जागाच कमी का पडल्या हे शासनाला विचारावे. तो प्रश्न विचारणारे वाढले, तर राजापेठेच्या चौकातील फलक पाहून मान खाली घालणारे आपोआप कमी होतील.