आठ रुपयांचा लोकसहभाग

प्रति,
मा. सचिव, महिला व बाल विकास मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रालयाच्या 1 ऑगस्ट 2022 च्या ‘सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0’ मार्गदर्शक सूचनांमध्ये लोकसहभागाची, म्हणजे पंचायत, माता आणि महिला बचत गट यांनी अंगणवाडीच्या कामात उतरावे या कल्पनेची, इतक्या आस्थेने दखल घेतली आहे की त्या सहभागाचा खर्च कोणी सोसायचा हा किरकोळ तपशील मागे पडावा, यात नवल नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजी अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदारांना वगळण्याचा आणि हे काम शक्यतो बचत गट व महिला मंडळांकडे देण्याचा आदेश दिला, त्याच आदेशात प्रतिबालक दैनंदिन दर 1 रुपयावरून 2 रुपये केला. काम सोपवताना पैसाही वाढवावा लागतो, एवढे न्यायालयाला कळले होते.

सध्याचा 8 रुपयांचा दर 2017 चा असून त्यात बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा निम्मा, म्हणजे 4 रुपये आहे. या 8 रुपयांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम ताजा आहार मिळून 500 उष्मांक व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अन्न सुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीची जानेवारी 2023 पर्यंत अपेक्षा होती. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि ते सहा-सात रुपयांना येते. पुढचा हिशेब मंत्रालयानेच करावा. तीस मुलांच्या अंगणवाडीला दिवसाचे 240 रुपये, पंचवीस दिवसांचे 6,000 रुपये मिळतात, आणि त्यातून डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, सरपण किंवा गॅस भागवून उरेल ती गटातील बायकांची कमाई. देयक रखडले की मुलांची खिचडी किराणा दुकानदाराच्या उधारीवर शिजते, आणि उधारीच्या वहीत नाव गटाचे लागते, मंत्रालयाचे नव्हे.

जानेवारी 2023 मध्ये याच अनुसूचीत सुधारणा होऊन आहारातील विविधता, दर्जेदार प्रथिने आणि सूक्ष्म पोषक घटक यांचा आग्रह धरला गेला. ताटातल्या अपेक्षा वाढल्या, दर होता तिथेच राहिला. याउलट शालेय पोषण आहाराचा प्राथमिक स्तरावरील साहित्यखर्च डिसेंबर 2024 मध्ये 5.45 रुपयांवरून 6.19 आणि मे 2025 मध्ये 6.78 रुपये झाला. हा आकडा आठपेक्षा लहान आहे हे खरे, पण तेथे धान्य मोफत आणि स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन वेगळे असते, ही गोष्ट तुलना करताना सोयीस्करपणे विसरली जाते. तीच बालिका सहाव्या वर्षी शाळेत गेली की महागाई खरी ठरते. पाचव्या वर्षी अंगणवाडीत असताना मात्र ती अफवा असते.

फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पीय भाषणात पोषणाचे दर योग्य रीतीने वाढवण्याचे आश्वासन देण्यात आले. त्यात आकडा नव्हता, तारीखही नव्हती. सूचना, पुस्तिका आणि पोषण माह यांच्या संख्येत कोणतीही कसर राहिलेली नसताना दराबाबतच एवढा संयम का, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे. आठ रुपयांत डाळ किती, तेल किती, इंधन किती आणि श्रमाचे किती, याची घटकनिहाय फोड जाहीर करावी, आणि ती जमत नसेल तर शाळेप्रमाणेच अंगणवाडीचा दरही महागाई निर्देशांकाशी बांधून दरवर्षी सुधारावा.